ड्रंक अँड ड्राइव्हची केस: कबुली द्यावी, स्वतः लढावं की वकील लावावा?

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकलं, पावती निघाली, परवाना जमा झाला आणि आता हातात कोर्टाची तारीख आहे. सिग्नल तोडल्याच्या चलानासारखं हे प्रकरण चौकात पैसे भरून मिटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांत येत नाही, म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मार्ग तीन आहेत, पण निवड करण्याआधी मशीनची पावती नीट वाचा. थर्मल कागदाच्या त्या अरुंद पट्टीवर वेळ आणि आकडा छापलेला असतो. छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून आजच फोटो काढून ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आकडा ३४ असणं आणि १४० असणं, या दोन वेगळ्या केसेस आहेत.

कबुली. न्यायदंडाधिकारी आरोप सांगून विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" हो म्हटलंत तर बहुधा त्याच दिवशी निकाल लागतो. आकडा मोठा असेल, पोलिसांचे कागद चोख असतील आणि तुम्ही खरोखर पिऊन गाडी चालवली असेल, तर मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो. पहिलाच गुन्हा आहे, घर तुमच्या कमाईवर चालतं, हे शिक्षा ठरण्याआधी जरूर सांगा. पण "दंड भरा आणि मोकळे व्हा" असं कुणी कोर्टाच्या आवारात सांगितलं, तर ते अर्धंच सांगतात. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी ती मोजली जाते, आणि परवानाही काही काळ निलंबित होऊ शकतो. शिवाय कबुलीनंतर अपील जवळजवळ बंद होतं. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच वरच्या कोर्टात विचारता येतं.

स्वतः लढणं. कायद्याची आडकाठी नाही. मुदत मागणं, नकला मागणं, शिक्षेबाबत विनंती करणं हे कुणालाही जमतं. माणूस अडकतो तो उलटतपासात. समजा पोलीस साक्षीदाराला तुम्ही विचारलंत, "मी गाडी सावकाशच चालवत होतो ना?" तुम्हाला वाटतं, बाजू मांडली. प्रत्यक्षात गाडी तुम्हीच चालवत होता, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं होतं, ते तुम्हीच मान्य करून टाकलंत. जाणकार वकील तिथे विचारतो, "मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी झालं? त्याचं प्रमाणपत्र या कागदांत आहे का? फुंकायला लावण्याआधी किती मिनिटं थांबलात?" शेवटच्या प्रश्नालाही अर्थ आहे. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल तर तोंडातल्या अंशामुळे आकडा फुगतो. साधारण पंधरा मिनिटांत तो अंश ओसरतो.

वकील. फी जाते, तारखा वाढतात, कामाचे दिवस बुडतात. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा, "कागदांत नेमकी खोट कुठे दिसते?" उत्तर गुळमुळीत आलं तर वकीलपत्रावर सही करू नका. खोट खरी असेल तर मात्र खर्च सार्थकी लागतो. अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ती झाली का? रक्त घेतलं असेल तर सील कुणी केलं, प्रयोगशाळेत कधी पोचलं? निव्वळ तोंडाला वास, अडखळती चाल यांवर केस उभी असेल, तर १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रक्त किंवा लघवीच्या तपासणीशिवाय अशी लक्षणं अपुरी ठरवली होती. फुंकायलाच नकार दिला असेल, तर सबळ कारण नसताना तो नकार तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. अशा केसमध्ये एकट्याने उभं राहू नका.

फी परवडत नाही म्हणून स्वतः लढायचा विचार असेल, तर आधी कोर्टाच्या इमारतीतल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा समितीच्या कार्यालयात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

अपघातात कुणाला इजा झाली असेल, कुणी दगावलं असेल, तर ही तुलनाच लागू नाही. भारतीय न्याय संहितेची जड कलमं लागतात, तेव्हा त्याच दिवशी वकील गाठा.

बाकीच्यांनी पहिल्या तारखेला गोंधळून "कबूल" म्हणून टाकू नये. "कागदपत्रांच्या नकला आणि वकील नेमण्यासाठी मुदत मिळावी" असा चार ओळींचा मराठी अर्ज लिहून न्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि नकला हातात आल्यावर पावतीवरची वेळ फिर्यादीतल्या वेळेशी जुळते का ते पाहा.