तंबू की ताडपत्री? ओल्या थंडीतल्या मुक्कामाचा हिशेब

आमच्या बाइक क्लबच्या मुक्कामी राइडची तारीख ठरली की पहिल्या दोन दिवसांतच प्रश्न येतो: तंबू घ्यायचा की ताडपत्रीवर भागवायचं? हवा कोरडी असेल तर या प्रश्नात दम नाही. जानेवारीतल्या स्वच्छ रात्री दोन्हीखाली सारखीच झोप लागते. खरी परीक्षा हिवाळ्यातल्या अवकाळीची, नाहीतर सप्टेंबरात चिखलदऱ्याला चढल्यावर लागणाऱ्या झडीची. नागपूर ३१० मीटरवर, चिखलदरा साधारण ११०० मीटरवर. तेवढ्या चढाला पारा पाचेक अंश उतरतो, आणि सव्वादोनशे किलोमीटर ओल्या जॅकेटात बसून आलेल्या माणसाला ते पाच अंश दहासारखे लागतात.

तुलना कशाची ते आधी सांगतो. एकीकडे बाजारात सर्रास मिळणारा दोन माणसांचा घुमटाकार तंबू: आत जाळीच्या छताचा कप्पा, वरून पाणी अडवणारं आवरण, फायबरच्या दोन काड्या, वजन तीन किलोच्या आसपास. दुसरीकडे दहा बाय बारा फुटांची ताडपत्री, पंचवीस मीटर दोरी, आठ-दहा मेखा, खाली अंथरायला एक तुकडा आणि एका माणसाची मच्छरदाणी. आवरण आधी उभं राहतं असे महागडे तंबू यात धरलेले नाहीत. ते ज्यांच्याकडे आहेत त्यांना हा प्रश्न पडत नाही.

क्रमाचा घोळ

माझं पारडं एकाच गोष्टीने झुकलं: कामाचा क्रम.

साध्या तंबूत आधी आतला कप्पा उभा करायचा, मग आवरण चढवायचं. पाऊस चालू असताना याचा अर्थ काय होतो ते बघा. कप्प्याचं छत म्हणजे जाळी. काड्या जोडून ओवायच्या, चार कोपरे ठोकायचे, आवरण उलगडून त्याचं दार कप्प्याच्या दारासमोर आणायचं. यात सवयीच्या हातालाही सहा-सात मिनिटं जातात, बोटं आखडली असतील तर दहा. आवरण पहिल्या खेपेला उलटंच पडतं हा तर जवळजवळ नियम आहे. तेवढ्या वेळात जाळीतून आलेलं पाणी तळाला साचतं. तळ पाणी न झिरपणारा, म्हणजे जमिनीची ओल आत येऊ नये म्हणून केलेली सोयच आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. मग पंचाने टिपत बसा. पंचा एकच असतो, आणि सकाळी तोंड पुसायलाही तोच लागणार असतो.

सकाळी हाच खेळ उलटा. सामान भरायला कोरडी जागा एकच, ती म्हणजे तंबू. पण दोन माणसांच्या तंबूत दोघांनी गुडघ्यावर बसून स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबायची म्हणजे चार कोपरं आणि दोन डोकी एकमेकांवर आपटणार. सामान भरून झालं की ते ठेवायला बाहेर कोरडी जागा नाही. मग आवरण निघतं, कप्पा उघडा पडतो आणि रात्रभर जपलेली कोरडी बाजू दोन मिनिटांत भिजते. आवरणाच्या आतल्या अंगाला रात्रीच्या श्वासाचे थेंब असतातच; गुंडाळताना तेही सगळीकडे पसरतात. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम असेल तर हाच ओला गोळा संध्याकाळी पुन्हा उघडायचा.

ताडपत्रीचा क्रम सरळ आहे. सगळ्यात आधी ती चढते, सगळ्यात शेवटी उतरते. आढ्याची दोरी ताणली, ताडपत्री टाकली, चार कोपरे बांधले की चार मिनिटांत डोक्यावर छप्पर. पुढचं सगळं कोरड्यात. सकाळीही तिच्याखालीच बॅगा भरायच्या, रेनसूट चढवायचा, बाइकवर सामान आवळायचं आणि मग ती उतरवायची. एकेरी कापड, ना जाळी ना काड्या. चार झटके दिले की बरंचसं पाणी जातं, उरलेलं सामानाच्या वर बंजीखाली (हुकाच्या इलॅस्टिक दोरीखाली) अडकवल्यावर रस्त्यात वाऱ्याने जातं.

तंबूची बाजू

ताडपत्री सगळीकडे चालते असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चिखलदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये धुकं जमिनीलगत सरकतं. ते वरून येत नाही, बाजूने शिरतं, आणि ताडपत्रीच्या दोन्ही उघड्या तोंडांतून आरपार जाताना स्लीपिंग बॅगच्या कापडावर दवासारखं बसतं. पहाटेपर्यंत बॅग ओलसर होते. पिसांची असेल तर तिची ऊब संपलीच. कृत्रिम भरणाची असेल तर कशीबशी तगते. अशा महिन्यात, उघड्या पठारावर, तंबू बरा. वारा रात्रीत दिशा बदलतो तेव्हाही तंबूला फरक पडत नाही. कपडे बदलायला आडोसा मिळतो. विंचू-गोमीची धास्ती असलेल्यांना चेन लावल्यावर जी झोप लागते तिची किंमत करता येत नाही. ताडपत्रीखाली बूट काठीवर उलटे टांगायचे, हेल्मेटची काच बंद करायची, जॅकेट झटकून घालायचं, हे शिकावंच लागतं. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट दुमडल्या की बाकी बहुतेक काम होतं.

ऊब मात्र छतापेक्षा खालच्या गादीवर ठरते. दहा मिलिमीटर फोमची गादी खाली असेल तर दोन्हीत माणूस निभावतो, नसेल तर दोन्हीत कुडकुडतो.

ताडपत्री बांधताना काय चुकतं

बहुतेक जण ताडपत्रीला नाव ठेवतात ते एकदा चुकीची बांधल्यामुळे. म्हणून इथे जरा थांबतो.

झाडं असतील तर आढं साडेतीन फुटांवर घ्या. बारा फुटांची बाजू आढ्याच्या दिशेने. दोन्हीकडची पाच-पाच फुटांची पाखं जमिनीपर्यंत नेली की आत सात फूट रुंदी मिळते आणि उतार असा मिळतो की पाणी थांबत नाही. झोपायला सहा फूट, म्हणजे दोन्ही टोकांना तीन-तीन फूट उरतात. शिंतोडे तिथेच मरतात. वाऱ्याकडचं तोंड खाली ओढून जमिनीला टेकवा. एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते: पाणी झाडावरून आढ्याच्या दोरीवर उतरतं आणि दोरीवरून घरंगळत थेट आत येतं. ताडपत्रीची कड संपते तिथे, बाहेरच्या अंगाला, वीतभर सुतळी दोरीला बांधून खाली लोंबती सोडा. पाणी सुतळीवरून गळून जातं.

झाड नसेल तर बाइक. इथे दोन-तीन गोष्टी नीट बघायच्या. साइड स्टँडवर बाइक डावीकडे कललेली असते, म्हणून ताडपत्रीचा ओढा डावीकडेच हवा. उजवीकडे ओढलीत तर बाइक सरळ होऊन पलीकडे जाते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे पुढे सरकून स्टँड मिटणार नाही. स्टँडखाली फरशीचा तुकडा नाहीतर चार बाय सहा इंचाची फळी. काळ्या मातीत नुसता स्टँड रात्रीतून खचतो आणि पहाटे बाइक छपरासकट अंगावर येते. दोरी हँडल आणि मागच्या कॅरिअरला बांधा, आरशाला नाही. ताडपत्रीचे बारा फूट असे वाटा: चार फूट बाइकच्या पलीकडे, आठ फूट तुमच्या बाजूला. सगळं कापड एकाच बाजूला ताणायचा मोह आवरा. उतार फार सपाट होतो, मधे पोट पडतं, त्यात बादलीभर पाणी साचतं आणि कोपऱ्याची रिंग उपटली जाते. पलीकडची बाजू बहुधा सायलेन्सरची असते. तो थंड व्हायला अर्धा तास द्या आणि ती कड मेखेने दीड फूट बाहेर धरा. प्लास्टिकची ताडपत्री साधारण १३० अंशांना वितळते; नुकता थांबलेला सायलेन्सर त्याहून बराच गरम असतो.

कोपऱ्यातल्या रिंगांवर फार विश्वास नको. रिंग फाटली, किंवा मधेच कुठे दोरी हवी असेल, तर आवळ्याएवढा गोटा ताडपत्रीत आतून धरा, बाहेरून त्याच्या मानेला दोरीचा फास टाका. शिवण नाही, भोक नाही, पक्कं बसतं. दोरी नायलॉनची असेल तर भिजल्यावर लांबते, म्हणून झोपायच्या आधी एकदा सगळ्या सरकगाठी आवळून घ्या. पॉलिएस्टरची कमी सैल होते.

खाली अंथरायचा तुकडा छपरापेक्षा सगळीकडून हातभर लहान ठेवा. तो बाहेर डोकावला की पागोळ्यांचं पाणी थेट पाठीखाली आणतो. त्याच्या कडा परातीसारख्या तीन बोटं वर मुडपून कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावा.

मातीचा हिशेब दोघांनाही सारखा, पण ताडपत्रीला जास्त जड जातो, कारण तिचा सगळा जीव मेखांवर. काटोल, वर्ध्याच्या अंगाला काळी माती. ती भिजली की तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या मेखा बोटाने उपसता येतात. तिथे फूटभर लांबीच्या सळईच्या मेखा, छपराच्या उलट दिशेला कलत्या ठोकून. तेही धरत नसेल तर लाकडाच्या जाड काडीला मधोमध दोरी बांधून ती वीतभर खोल आडवी गाडा आणि वर माती तुडवा. चिखलदऱ्याला उलट: काळा खडक, वर मुरमाचा पातळ थर. मेख वाकते, आत जात नाही. दोरी धोंड्याला बांधा आणि त्यावर दुसरा मोठा धोंडा ठेवा.

जागा कुणाची तेही बघा. पेंच किंवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाला येईल तिथे मुक्काम टाकता येत नाही. शेत नाहीतर रिसॉर्टचं आवार, मालकाला विचारून. आणि संत्र्याची बाग मिळाली म्हणून झाडांना दोऱ्या बांधू नका. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात; रात्रभर हिसके देणाऱ्या दोरीने ती गळतात आणि पुढच्या वर्षी ते शेत मिळत नाही. धुऱ्यावरचा कडुनिंब असतोच.

मुक्काम क्लबचा आहे

हे गणित एकट्या माणसाच्या सोयीचं नाही. बारा बाइक, सहा तंबू आणि पाऊस असं समीकरण झालं की संध्याकाळी साडेसातला प्रत्येक जोडी आपापल्या बिळात. मग भेटायला नागपुरातली टपरी काय वाईट होती? पंधरा बाय अठराच्या दोन ताडपत्र्या कौलांसारख्या एकमेकींवर हातभर चढवून बांधल्या, वरची वाऱ्याच्या बाजूची, तर बारा माणसं रेनसूट काढून बसतात. गोवऱ्या कोरड्या राहतात, रोडगे होतात. जाळ मात्र छपराच्या मधोमध नको. वाऱ्याच्या उलट कडेला, आणि तिथे कड डोक्यापेक्षा हातभर उंच. ठिणगी पडली की प्लास्टिकला लगेच भोक. तंबूत शेगडी किंवा निखारे नेण्याचा विचार कितीही थंडी असली तरी करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

घरी आल्यावर

तंबू ओला आला तर फ्लॅटमध्ये तो वाळवायला दोन दिवस बाल्कनी अडते. कप्पा वेगळा, आवरण वेगळं, काड्यांच्या आतली इलॅस्टिक दोरीही वाळायला हवी. अर्धवट ओला माळ्यावर गेला आणि वर मे महिन्यातली ४५ अंशांची खोली मिळाली, की आतला पाणी अडवणारा लेप चिकट होतो, मग पापुद्र्यासारखा सुटतो. असा तंबू दिसायला ठीक दिसतो आणि पुढच्या पावसात गळतो. नागपुरात तंबू वापराने कमी आणि ठेवण्याने जास्त मरतात असं माझं निरीक्षण आहे. चुकीचं असू शकेल.

ताडपत्री गच्चीवरच्या तारेवर तासाभरात वाळते. तिचा शत्रू ऊन. महिनाभर तशीच गच्चीवर राहिली तर घडीवर तडकायला लागते. घेताना जाडी बघून घ्या. दहा बाय बाराची १२० जीएसएमची (दर चौरस मीटरला १२० ग्रॅम) सव्वा किलोच्या थोडी वर भरते, शेतीसाठी मिळणारी २०० जीएसएमची सव्वादोन किलो. बाइकसाठी पहिली पुरते, क्लबच्या मोठ्या छपराला दुसरी. पाऊस पडताना आवाज दोन्हींचा होतो, आणि तो तंबूपेक्षा बराच जास्त असतो. कान नाजूक असतील तर कापसाचे बोळे ठेवा.

ज्यांच्याकडे तंबू आधीच आहे त्यांनी तो विकावा असं मी म्हणणार नाही. फक्त पुढच्या राइडला एक दहा बाय बाराची सोबत घ्या, आधी ती जरा उंच बांधा आणि तंबू तिच्याखाली उभा करा. कप्पा भिजणार नाही, सकाळी कोरड्यात सामान भरता येईल. दोन-तीन मुक्काम असे झाले की आवरण घरीच राहील. त्यानंतर पावसाचा अंदाज बघून एखाद्या वेळी कप्पाही घरी राहील, आणि सॅडलबॅगेत मच्छरदाणी जाईल.