बर्डीच्या दिव्यांसाठी कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम

कॅमेरा १५००डी किंवा २००डी मार्क २, सोबत मिळालेली किट लेन्स, आणि नागपूरच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रात्री फोटो काढायची हौस असेल तर पहिली खरेदी हीच करावी. ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही लेन्स २०१५ साली आली. वजन साधारण १६० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) धातूचा, अपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पाती ७. मिररलेस आर सिरीजवाल्यांसाठी २०२० मध्ये आरएफ माउंटची बहीण आली. इथले बहुतेक सगळे तिलाही लागू पडते.

आधी उजेडाचा हिशेब. १८-५५ची किट लेन्स झूमच्या ५० एमएमकडच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). एफ/१.८ म्हणजे तिच्या जवळजवळ दहापट उजेड. किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० लागतो तिथे १२५०ला भागते, आणि चेहऱ्यावरचा तो रवाळ नॉइज जातो. मेन रोडवर दुकानांचे बोर्ड सुरू असताना एफ/१.८, शटर १/१०० सेकंद आणि आयएसओ ८००पासून सुरुवात करा. इतवारीत सराफ्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरलात की ३२००पर्यंत जायची तयारी ठेवा.

शटर १/१०० ठेवायला कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० केलेत की फोटोत काळपट पट्टे येतात, किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा उजेडच जुळत नाही. सरकत्या अक्षरांच्या बोर्डांना १/१००ही कमी पडतो, तिथे कशाला तरी टेकून १/५० करा. बोर्ड पांढरा पडू नये म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे निम्मा उजेड) आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, कच्ची), हे रात्री कायमचे ठेवावे.

आता धूसरपणा, म्हणजे ज्यासाठी लोक ही लेन्स घेतात. पानठेल्यावाला २ मीटरवर असेल तर एफ/१.८ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढे स्पष्ट येते ते अंतर, जेमतेम ११ सेंटीमीटर मिळते. डोळे टोकदार येतात, कान सुटतो, आणि पुढे केलेल्या हातातला विडा पार विरघळतो. चेहरा आणि विडा दोन्ही हवेत म्हणून अपर्चर एफ/२.८ केले तरी खोली १७ सेंटीमीटरच होते, हात काही त्यात बसत नाही. त्यापेक्षा एक-दोन पावले बाजूला सरका. हात आणि चेहरा कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आले की एफ/१.८लाही दोन्ही लख्ख येतात. अर्थात २ मीटरवरून तुम्ही दिसताच. नजरेने तरी विचारून घ्या.

मागच्या दिव्यांचे गोळे किती मोठे होतील हे अंतरावर ठरते. माणूस २ मीटरवर आणि दिवे लांब असतील तर एकेक गोळा फ्रेमच्या रुंदीच्या ३ टक्के होतो, माणूस १ मीटरवर आणलात तर दुपटीपेक्षा थोडा जास्त. पण पाठीमागे, कॅमेऱ्यापासून ४ मीटरवरच दुकानाची भिंत असेल तर २ मीटरवरच्या माणसामागचा धूसरपणा निम्म्यावर येतो. म्हणून अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीकडे तोंड करून फोटो घेऊ नका, गल्लीच्या लांबीकडे तोंड करा. व्हरायटी चौकाकडून मेन रोडच्या आत पाहताना ही लेन्स जे देते, ते महाल भागात बडकस चौकाजवळच्या एखाद्या भिंतीसमोर देणार नाही.

एफ/१.८ला फ्रेमच्या कडेचे गोळे मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात, आणि फोकसच्या मागच्या दिव्यांना हिरवी, पुढच्यांना जांभळट किनार येते. पांढऱ्या एलईडीवर ती फार खुपते. एफ/२.२ला दोन्ही दोष बरेच आवरतात आणि मधला भाग चांगलाच कसदार होतो. आमच्या मते रात्री या लेन्सची खरी जागा एफ/२.२च आहे, उजेड अगदीच नसेल तर १.८. एफ/८च्या पुढे दिव्यांना १४ किरणांचे तारे फुटतात, पण तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर हवा.

हालचालीचा धूसरपणा वेगळा, आणि आमच्या दृष्टीने रस्त्यावर तोच जास्त बोलतो. ई-रिक्षाबरोबर कॅमेरा फिरवत १/२०ला फोटो घ्या. शटर १/१००वरून १/२० केले की उजेड पाचपट होतो, अपर्चर १.८वरून ४ केले की तो तेवढाच घटतो, आयएसओला हात लावावा लागत नाही. एफ/४ला खोलीही वाढते, त्यामुळे रिक्षा थोडी पुढेमागे झाली तरी चालते. पाय रिक्षा जिथे समोर येणार तिकडे रोवा, कंबरेतून फिरा, बटण दाबल्यावरही फिरणे थांबवू नका. दहातले दोन नीट आले तरी पुष्कळ. थांबलेला माणूस आणि वाहती गर्दी हवी असेल तर १/४, पण मेट्रोच्या खांबाला पाठ टेकूनच. या लेन्समध्ये स्टॅबिलायझर नाही आणि या कॅमेऱ्यांच्या लहान, एपीएस-सी सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, त्यामुळे नुसत्या हातात १/८०च्या खाली स्थिर वस्तूही हलते.

खरी तक्रार फोकसची आहे. लेन्सवर अंतराची पट्टी नाही, म्हणून २ मीटर लावून चालत फोटो काढायची जुनी पद्धत इथे जमत नाही. रिंग फिरवली की फोकस मोटरमार्फत हलतो. कॅमेरा झोपला की ती कितीही फिरवा, काही होत नाही, आधी बटण अर्धे दाबा. अंधारात ऑटोफोकस पुढेमागे घुटमळत राहतो. अशा वेळी मधला पॉइंट घ्या आणि चष्म्याची फ्रेम, शर्टाची कॉलर अशी ठळक कड पकडा, गालावर धरू नका. सगळा रस्ताच मुद्दाम विरघळवायचा असेल तर एमएफ (मॅन्युअल फोकस) करून ३५ सेंटीमीटरवर आणा, फुटाळा तलावाच्या काठावरचे ठेले नुसते रंगीत गोळे होऊन येतात.

इतवारीच्या गल्लीत ५० एमएम अडचणीची होते हेही खरे. तिथे ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ बरी, पण सव्वा स्टॉप उजेड सोडावा लागतो.

पुढे ४९ एमएमचा स्वस्त यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर रात्री काढून ठेवा. बोर्डांची उलटी, हिरवट प्रतिबिंबे त्यामुळेच येतात. हूड मात्र लावा. लेन्सला पावसापासून संरक्षण नाही, आषाढात छत्रीखालूनच काढा.

जुनी घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून बुरशीचे धागे बघा. मग कॅमेऱ्यावर लावून जवळून लांब फोकस करा: पुढची नळी सरळ, न अडकता आत-बाहेर झाली पाहिजे. खरखर आली किंवा नळी एका बाजूला झुकली तर लेन्स कधीतरी खाली पडलेली आहे, घेऊ नका. कॅमेरा बंद असताना बाहेर आलेली नळी बोटाने आत ढकलायची नाही, विक्रेत्यालाही ढकलू देऊ नका.