आकृत्यांच्या बुद्ध्यांक चाचण्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

रिकाम्या चौकटीत कोणती आकृती बसेल ते ओळखायला लावणाऱ्या या ऑनलाइन चाचण्या. त्यांतल्या सगळे प्रश्न सोडवून घ्यायचे आणि निकाल झाकून ठेवून पैसे मागायचे, असा धंदा करणाऱ्या चाचण्या आधीच बाद करा. मेन्सा या उच्च बुद्ध्यांकवाल्यांच्या संघटनेच्या नॉर्वे शाखेची चाचणी फुकट आहे: ३५ प्रश्न, २५ मिनिटं, निकाल ८५ ते १४५ मध्ये, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५.

हे विचलन बघाच. १५ च्या मापावरचे १३० आणि कॅटेल या दुसऱ्या चाचणीच्या २४ च्या मापावरचे १४८ ही एकच जागा. माप न सांगता नुसता '१४८' छापलेलं प्रमाणपत्र रद्दीत गेलं तरी चालेल. सीईटीमुळे पर्सेंटाइल आपल्याकडे घरोघरी कळतं, तेच विचारावं.

सुरुवातीला मला घड्याळच खटकत होतं. आता तसं वाटत नाही, कारण रेव्हन या आकृत्यांच्या जुन्या, नावाजलेल्या चाचणीच्या प्रगत मालिकेचे ३६ प्रश्नही बरेचदा ४० मिनिटांतच सोडवायला देतात. मोठी उणीव आहे ती संचनिहाय गुणांची. रेव्हनच्या १९३८ च्या प्रमाणित कसोटीत ६० प्रश्न, ए ते ई असे बारा-बारांचे पाच संच. ए आणि बी मध्ये सहा पर्याय, पुढे आठ. प्रत्येक संच सोप्याकडून अवघडाकडे जातो. एकूण गुणांवरून कोणत्या संचात किती यायला हवेत, याचा तक्ता पुस्तिकेत असतो. एखाद्या संचात दोनांहून जास्त तफावत आली की त्या निकालावर भिस्त ठेवत नाहीत. ए मध्ये घसरगुंडी आणि ई मध्ये भरघोस गुण, म्हणजे अंदाजपंचे खुणा केल्या किंवा सूचना कळल्याच नाहीत. ऑनलाइन चाचणी हातावर एकच आकडा ठेवते. तो कुठून आला, हे तपासणार कसं?

दुसरं, सराव. या कोड्यांमागचे नियम असे: ओळीत काहीतरी कायम राहतं. काहीतरी टप्प्याटप्प्याने वाढतं. पहिल्या दोन चौकटींच्या बेरजेतून तिसरी होते. तीन आकार प्रत्येक ओळीत एकेकदाच येतात. दोन्हींत सामाईक ते पुसलं जातं. शेवटचा नियम सगळ्यांत चकवतो. हे एकदा डोक्यात बसले की पुढच्या वेळी गुण चढतात, बुद्धी तेवढीच असते. म्हणून पहिल्याच प्रयत्नाचा आकडा धरा, आणि तोही मोबाइलवर नको, बारीक रेषा निसटतात.

मुलाच्या अभ्यासातल्या अडचणीसाठी यातलं काहीच पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ घेतात त्या वेश्लरच्या सविस्तर बुद्ध्यांक चाचणीच्या प्रौढांसाठीच्या चौथ्या आवृत्तीतही आकृत्यांची मालिका दहा मुख्य उपचाचण्यांपैकी फक्त एक आहे. मानसशास्त्रज्ञाकडे गेलात तर मानकं (ज्या लोकांच्या गुणांशी तुलना होते ते तक्ते) कोणत्या वर्षाची, हे आधी विचारा. जुन्या मानकांवर बुद्ध्यांक फुगून येतो.