विभागासाठी मूडल घ्यावं की गूगल क्लासरूम?

दोन्ही ऑनलाइन वर्ग चालवायची सॉफ्टवेअर: साहित्य द्यायचं, गृहपाठ घ्यायचा, चाचणी लावायची. दोन्हींना परवाना शुल्क नाही. गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची मूळ योजना पात्र संस्थांना फुकट मिळते आणि मूडल तर मुक्त स्रोत, म्हणजे कोणीही फुकट घेऊन वापरावं असं. त्यामुळे विभागाच्या बैठकीत पैशाचा मुद्दा लगेच मिटतो आणि चर्चा 'दिसायला कोणतं सोपं' यावर घसरते. त्याआधी विचारावं, सांभाळणार कोण?

सोपेपणात क्लासरूम पुढे आहे, यात वाद नाही. ज्या प्राध्यापकांना जीमेल वापरता येतं, त्यांना वर्ग उघडून गृहपाठ लावायला तासभरही लागत नाही. सर्व्हरची कटकट गूगलकडे. पण वर्ग संस्थेच्या डोमेनवर, म्हणजे संस्थेच्या नावाच्या ईमेल खात्यांवर हवा. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक खासगी जीमेलवरून वर्ग काढतात, सत्र संपलं की निघून जातात आणि गृहपाठ, गुण, साहित्य सगळं त्यांच्याच खात्यात राहतं. पुढे मूल्यमापन समितीला पुरावे दाखवायची वेळ आली की शोधाशोध सुरू. संस्थेच्या खात्यांवर प्रशासकाचा ताबा असतो, तिथे हा घोळ होत नाही. साठवण मात्र संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. एखाद्या महाविद्यालयाला ती पुरून उरेल. प्रत्येक व्याख्यानाचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या विद्यापीठाने हिशेब मांडूनच पुढे जावं.

मूडलची खरी ताकद चाचणीत आहे. धड्यावार प्रश्नपेढी एकदा तयार केली की प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातून वेगळे प्रश्न काढून देता येतात. क्लासरूममधली चाचणी म्हणजे गूगल फॉर्म. तो प्रश्नांचा क्रम बदलतो, पेढीतून प्रश्न निवडत नाही. मराठी माध्यमाला आणखी एक फरक जाणवतो. एका शब्दाच्या उत्तरात कोणी 'कऱ्हाड' लिहितं, कोणी 'कराड'. फॉर्ममध्ये दोन्ही रूपं मान्य करता येतात, पण गुण पूर्ण किंवा शून्य. मूडलमध्ये तारांकन चिन्ह (*) वापरून शब्दाच्या बदलत्या भागाला सूट देता येते आणि अर्धवट बरोबर उत्तराला अर्धे गुणही. भाषेच्या आणि इतिहासाच्या विभागांसाठी एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मूडलची किंमत मोजावी लागते ती सर्व्हरवर, कारण तो आपणच सांभाळायचा. चाचणी दहाची असली की अख्खा वर्ग दहाच्या ठोक्याला एकदम 'सुरू करा' दाबतो आणि स्वस्तातलं होस्टिंग (भाड्याची सर्व्हरजागा) तिथेच मान टाकतं. मग दोष सॉफ्टवेअरला. बॅचेस पाडल्या, वेळा दहा-दहा मिनिटांनी पुढे-मागे ठेवल्या तर बरंच निभावतं, पण सुरक्षा अद्यतनं आणि बॅकअप बघणारा माणूस हवाच. आयआयटी मुंबईत मूडल वापरतात, पण तिथलं मनुष्यबळ आपल्याकडे आहे का?

मोबाइल ॲप दोघांचंही आहे. मूडलच्या ॲपवर साहित्य उतरवून नेट नसतानाही वाचता येतं. एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांना हे उपयोगी पडतं.

संलग्न महाविद्यालय असेल आणि परीक्षा विद्यापीठच घेत असेल, तर मी बिनदिक्कत क्लासरूम घेईन. स्वायत्त संस्थेला किंवा विद्यापीठ विभागाला अंतर्गत मूल्यमापन स्वतः करायचं असतं, तिथे मूडल. सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे देणार असाल, तर करारावर सही करण्याआधी एक अभ्यासक्रम पुसायला लावा आणि बॅकअपवरून तुमच्यासमोर परत उभा करून दाखवायला सांगा.