सोडलेला देश तुम्हाला सोडतो का? कर-निवासाच्या नियमांची तुलना

परदेशी स्थायिक व्हायचे ठरले की माणूस आधी नव्या देशाचे करदर पाहतो. मला हा क्रम उलटा वाटतो. नवा देश तुम्हाला आपला करदाता म्हणून लिहून घ्यायला तयारच असतो. अडते ते जुन्या देशापाशी. तुम्ही विमानात बसलात म्हणून तो तुम्हाला अनिवासी (म्हणजे ज्याच्या परदेशातल्या कमाईवर तो कर मागत नाही असा) मानेल असे मुळीच नाही, आणि जोवर तो मानत नाही तोवर नव्या देशातल्या शून्य टक्के कराचा उपयोगही शून्यच. म्हणून इथे देशांची तुलना एकाच निकषावर केली आहे: गेलेल्या माणसाला कोण किती सहज सोडतो.

त्यासाठी एक माणूस धरू. दोन वर्षांपूर्वी त्याने देश सोडला. बाहेर पूर्ण वेळ नोकरी आहे. जुन्या देशातले घर विकलेले नाही, कारण जोडीदार अजून तिथेच राहतो. वर्षाकाठी १०० दिवस तो तिकडे येऊन राहतो. हाच माणूस वेगवेगळ्या देशांतून निघाला असता तर काय झाले असते?

भारत आणि ब्रिटन: दोघेही दिवस मोजतात, पण सारखे नाही

भारताचे उत्तर या माणसाला सर्वांत सोयीचे. घर कोणाचे, जोडीदार कुठे, याच्याशी आयकर कायद्याला देणेघेणे नाही. तो दिवस मोजतो. वर्षात १८२ दिवस झाले की निवासी. दुसरी कसोटी ६० दिवसांची, मागच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले असतील तर. पण परदेशातून भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला या ६० च्या जागी १८२ दिवसांची सवलत आहे. २०२० मध्ये तिला कात्री लागली. भारतातले उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असेल, तर ६० च्या जागी १८२ नव्हे, १२० दिवस धरायचे. आपला माणूस १०० वर थांबतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुटतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी दिवसांचे हे गणित तेच राहिले.

मात्र एक खाच आहे, आणि ती नेमकी आखाती देशांत राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. भारतीय नागरिकाचे परदेशी स्रोत वगळून उरलेले उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल आणि तो अन्य कोणत्याही देशात निवासाच्या नात्याने करपात्र नसेल, तर तो एकही दिवस भारतात न येता निवासी मानला जातो. घाबरण्याचे फारसे कारण नाही, कारण त्याला ‘निवासी पण सामान्यतः निवासी नव्हे’ असा दर्जा मिळतो आणि परदेशातला पगार करातून बाहेरच राहतो. परदेशातला धंदा भारतातून चालवला जात असेल तर मात्र त्याचे उत्पन्न करात येते.

ब्रिटनही दिवस मोजतो, पण त्याला नात्यांची जोड देतो. ६ एप्रिल २०१३ पासून तिथे लेखी कसोटी आहे. त्याआधी काय परिस्थिती होती ते रॉबर्ट गेन्स-कूपर या उद्योजकाच्या खटल्यावरून कळते. सेशेल्सला गेलेल्या या गृहस्थांचा भरवसा वर्षाला सरासरी ९१ दिवसांच्या मर्यादेवर होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले, कारण ब्रिटनमधल्या आयुष्याशी त्यांनी ठळक फारकत घेतलीच नव्हती. दिवस बरोबर मोजले, पण मोजायचे होते काहीतरी वेगळेच.

आता निदान काय मोजायचे ते लिहून ठेवलेले आहे. मध्यरात्री तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर तो दिवस धरायचा. १८३ झाले की विषय संपला. त्याखाली असाल तर धागे मोजायचे: कुटुंब, राहायला उपलब्ध घर, तिथे ४० दिवस केलेले काम, आधीच्या दोनपैकी एखाद्या वर्षी ९० हून जास्त दिवसांचा मुक्काम. नुकताच देश सोडलेल्यांसाठी पाचवा धागाही आहे: ब्रिटनपेक्षा जास्त रात्री दुसऱ्या कुठल्याही एका देशात काढल्या नसतील तर तो लागतो. सोडून गेलेल्याला ९१ ते १२० दिवसांच्या टप्प्यात दोन धागे पुरतात. नव्याने येणाऱ्याला त्याच टप्प्यात तीन लागतात. येणाऱ्यापेक्षा जाणाऱ्याकडे संशयाने पाहायचे, हे धोरण इथे आकड्यांतच दिसते.

आपल्या माणसाचे घर आणि जोडीदार असे दोन धागे तर उघडच आहेत. १०० दिवसांवर तो ब्रिटनचा कर-निवासी. पण हेच दिवस ८५ वर आणले, तर परदेशात पूर्ण वेळ काम करणाऱ्यांसाठीची वेगळी वाट खुली होते: ९१ पेक्षा कमी दिवस मुक्काम, आणि त्यांतले तीन तासांहून जास्त काम केलेले दिवस ३० पर्यंतच. मग घर आणि जोडीदार असूनही तो सुटतो. १५ दिवसांची सुट्टी कमी केल्याने संपूर्ण उत्तर फिरते, असा देश मला दुसरा माहीत नाही. ज्याला रोजनिशी ठेवायची सवय आहे त्याच्यासाठी ब्रिटनचे नियम उत्तम. आळशी माणसाने तिकडे फिरकू नये.

जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया: प्रश्न घराचा

जर्मनीत आपल्या माणसाचे दिवस कोणी विचारणारच नाही. तुमच्या वापराला हवे तेव्हा उपलब्ध असलेले घर आहे का, एवढाच पहिला प्रश्न. आहे म्हटल्यावर संपूर्ण जगातल्या उत्पन्नावर करपात्र. सहा महिन्यांच्या मुक्कामाची कसोटी आहे, पण ती घर नसलेल्यासाठी. किल्ली खिशात ठेवून फक्त मुक्काम कमी करणारा इथे फसतो. घर खरोखरच दीर्घ मुदतीने भाड्याने दिले, तुमचा हक्काचा वापर संपला, तर गणित बदलते.

कॅनडाही घर, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले या तिघांना महत्त्वाचे बंध मानतो. आपल्या माणसाकडे त्यांतले दोन आहेत, म्हणजे तो तिथला निवासीच. दिवसांची कसोटी तिथेही १८३ ची आहे, पण ती आलेल्या पाहुण्याला पकडण्यासाठी. गेलेल्याला सोडण्यासाठी नव्हे.

ऑस्ट्रेलिया विचारतो की तुमचे कायमचे ठिकाण देशाबाहेर आहे का. ‘कायमचे ठिकाण’ म्हणजे नेमके काय, यावर तिथे वर्षानुवर्षे भांडण चालले. हार्डिंग नावाच्या एका अभियंत्याने सौदी अरेबियात नोकरी केली आणि बहारीनमध्ये सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये मुक्काम केला. कर विभागाचे म्हणणे असे की सर्व्हिस अपार्टमेंट हे काही कायमचे ठिकाण नव्हे. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने हार्डिंग यांच्या बाजूने निकाल दिला: ठिकाण म्हणजे एकच इमारत असे नाही, एखादे शहर किंवा देशही चालतो. ते जिंकले, पण हे कळायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. घर पाहणाऱ्या देशांबद्दल माझी तक्रार हीच आहे. आकडा चुकला तर तुम्हाला तो आधी कळतो. ‘तुमचे आयुष्य कुठे आहे’ याचे उत्तर मात्र काही वर्षांनी दुसराच कोणीतरी ठरवतो.

अमेरिका: दोन वेगळे नियम

अमेरिकेच्या नागरिकाला हा सगळा विचार लागूच नाही. तो कुठेही राहो, विवरणपत्र भरायचे. नागरिकत्वावर कर लावणारा असा दुसरा देश म्हणजे एरिट्रिया. तो परदेशस्थांकडून २ टक्के मागतो. अमेरिकेत प्रत्यक्ष कर बहुतेकदा दोनदा बसत नाही, कारण परदेशात भरलेल्या कराची वजावट मिळते, आणि १२ महिन्यांत ३३० दिवस बाहेर राहिलेल्याचे २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंतचे कमाईचे उत्पन्न वगळता येते. आपला माणूस १०० दिवस परत येतो, म्हणजे ३३० चा हिशेब कोसळतो. मग अस्सल परदेशी निवासाची दुसरी कसोटी किंवा कर-वजावट एवढेच उरते. बँक खात्यांची माहिती वेगळी द्यावी लागते: बाहेरच्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की कळवायचे.

ग्रीन कार्डवाल्यांनी हे नीट ऐकावे. कार्डाची मुदत संपणे आणि करदायित्व संपणे या दोन गोष्टी वेगळ्या. कार्ड रीतसर परत करेपर्यंत तुम्ही तिथले कर-निवासी. १५ पैकी ८ वर्षे कार्ड असेल तर परत करतानाही निर्गमन-कराची, म्हणजे देशाची करव्यवस्था सोडताना लागणाऱ्या कराची, चौकशी होते.

ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, फक्त व्हिसा होता, त्याच्यासाठी तीन वर्षांचा भारित हिशेब: चालू वर्षाचे पूर्ण दिवस, मागच्याचे एक तृतीयांश, त्यामागच्याचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात ३१ दिवस भरले की निवासी. आपला माणूस ३१ डिसेंबरला निघाला आणि दरवर्षी १०० दिवस आला, तर पहिल्या वर्षी बेरीज सुमारे २८२, दुसऱ्या वर्षी १९४, तिसऱ्या वर्षी १५०. म्हणजे दोन वर्षे अमेरिका त्याच्या पाठीवरच असते. या सापळ्यातून सुटायला ‘जवळचे नाते दुसऱ्या देशाशी’ अशी सवलत आहे, पण घर आणि जोडीदार अमेरिकेत ठेवून ती मागणे अवघड.

नवा देश काय देतो

इकडची बाजू सोपी, म्हणून थोडक्यात. संयुक्त अरब अमिरातींनी १ मार्च २०२३ पासून नियम लेखी केले. १८३ दिवस पुरेसे आहेत. निवासी परवाना आणि तिथे घर किंवा नोकरी असेल तर ९० दिवसही चालतात. पगारावर कर नाही. सिंगापूरमध्ये १८३ दिवस भरले की निवासी. नाहीतर पगारावर सरळ १५ टक्के किंवा निवासीच्या दराने येणारा कर, जो जास्त असेल तो. बाहेरचे उत्पन्न व्यक्तीने सिंगापूरमध्ये आणले तरी सहसा करमुक्तच. थायलंडला १८० दिवस लागतात, आणि तिथे हल्लीच बदल झाला: १ जानेवारी २०२४ पासून कमावलेले बाहेरचे उत्पन्न देशात आणले की कर. जुन्या माहितीवर बेत आखणारे इथेच चुकतात.

स्पेनची गंमत वेगळी. १८३ दिवस मोजताना तुरळक अनुपस्थितीचे दिवसही मुक्कामातच धरतात, जोवर तुम्ही दुसऱ्या देशाचे कर-निवासाचे प्रमाणपत्र दाखवत नाही. २०१२ ते २०१४ या वर्षांवरून गायिका शकीरावर खटला झाला तो याच मुद्द्यावर: ती बहामाची निवासी की स्पेनची? नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने ७० लाख युरोंहून जास्त दंड मान्य करून तो मिटवला.

दोघांनीही आपले म्हटले तर

आपला माणूस जर्मनीचाही निवासी आणि सिंगापूरचाही, असे होऊ शकते. दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल तर त्यात पायऱ्या ठरलेल्या असतात: कायमचे घर कुठे, दोन्हीकडे असेल तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंधांचा केंद्रबिंदू कुठे, मग नेहमीचा मुक्काम, मग नागरिकत्व, आणि तरीही सुटले नाही तर दोन्ही सरकारांनी आपसात ठरवायचे. कुटुंब एकीकडे आणि पगार दुसरीकडे असणाऱ्याची लढाई दुसऱ्या पायरीवर होते, आणि ती जिंकणे सोपे नाही. करारच नसेल तर दोन्हीकडे भरा. अमेरिकेच्या करारांत आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क राखून ठेवणारे कलमही असते, त्यामुळे नागरिकाला पायऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

वर्षे जुळत नाहीत हे आणखी एक दुखणे. भारताचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, ब्रिटनचे ६ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाचे १ जुलैला, बाकीच्या बऱ्याच देशांचे १ जानेवारीला. ब्रिटन काही अटींवर निघण्याच्या वर्षाचे दोन तुकडे करू देतो. भारत वर्षाचे तुकडे करत नाही. म्हणून नोकरीसाठी भारत सोडणाऱ्याने २८ सप्टेंबरपर्यंत निघाले तर १८१ दिवस होतात आणि ते अख्खे वर्ष अनिवासी म्हणून जाते. एक दिवस जरी उशीर झाला, तर त्या वर्षीचा परदेशातला पगारही भारताच्या विवरणपत्रात.

मग कोणी काय करावे

जोडीदार आणि मुले मागे ठेवून दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्याने जर्मनी, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातून निघताना अनिवासी होण्याचा हट्टच धरू नये. निवासी राहून करार आणि कर-वजावटीवर भिस्त ठेवावी. पैसे थोडे जास्त जातील, झोप जाणार नाही. त्याच माणसाला भारत किंवा ब्रिटन सोडताना मात्र दिवस सांभाळून खरेच सुटता येते.

कुठेच निवासी न राहता देशोदेशी फिरणाऱ्यांना मी सगळ्यात साशंकपणे पाहतो. तुम्ही नव्या देशात रुजला नाहीत तर जुना देश हक्क सोडत नाही, आणि बँका पहिल्या फॉर्मपासूनच कर-निवास कोणता ते विचारतात. एका देशाचे प्रमाणपत्र हातात असणे हे करमुक्ततेपेक्षा जास्त मोलाचे.

आणि परत यायचा विचार असेल तर त्या दाराचीही आधी चौकशी करावी. दहापैकी नऊ वर्षे अनिवासी राहिलेल्या माणसाला भारत साधारण दोन वर्षे, दिवसांचा मेळ बसला तर तीन वर्षे, बाहेरचे उत्पन्न करातून वगळू देतो. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून ‘नॉन-डॉम’ पद्धत (कायमचे मूळ घर ब्रिटनबाहेर असलेल्या रहिवाशांना बाहेरच्या उत्पन्नावर मिळणारी सवलत) बंद केली आणि दहा वर्षे बाहेर राहून आलेल्याला बाहेरच्या उत्पन्नावर चार वर्षांची सवलत दिली. मात्र पाच वर्षांच्या आत ब्रिटनला परतलात, तर मध्यंतरी विकलेल्या जुन्या मालमत्तेच्या नफ्यावर तो देश मागे जाऊन कर लावू शकतो. शेअर विकून मग परतायचे ठरवणाऱ्यांनी ही पाच वर्षे कॅलेंडरवर आधी लिहावीत, विमानाचे तिकीट नंतर काढावे.