मोठं झुरळ की छोटं? पेस्ट कंट्रोलचं कोटेशन मंजूर करण्याआधी

मे महिना आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पेस्ट कंट्रोलची कोटेशनं फिरायला लागतात. एक जण घरोघरी जेल, म्हणजे झुरळांनी खायचं विषारी आमिष, लावून देतो म्हणतो, दुसरा गटाराच्या चेंबरमध्ये आणि डक्टमध्ये फवारणी करतो, तिसरा दोन्ही मिळून वर्षाचं कंत्राट देतो. कमिटी दर बघते आणि ठरवून मोकळी होते. माझ्या मते दर नंतर बघावा. आधी घरात कुठलं झुरळ फिरतंय ते बघावं, कारण एकावर जे चालतं ते दुसऱ्यावर बहुतेक वाया जातं.

आपल्याकडे घरोघरी त्रास देणारी मुख्य झुरळं दोन. साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, तांबूस तपकिरी, डोक्यामागच्या ढालीला पिवळसर कड असलेलं मोठं झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. अकरावीच्या जीवशास्त्रात ज्याच्या आकृत्या काढून मुलं वैतागतात, तेच. दुसरं किचनमधलं, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, फिकट, ढालीवर दोन गडद समांतर पट्टे असलेलं. ते ब्लाटेला जर्मानिका. नुसत्या आकारावर मात्र जाऊ नका. मोठ्याची पिल्लंही लहान आणि बिनपंखी असतात, आणि ती बघून ‘हे किचनवालंच’ असं छातीठोक सांगणारे लोक भेटतात. पट्टे शोधा. पट्टे नाहीत, सगळं अंग लालसर आणि सापडलं बाथरूममध्ये, तर ते बहुधा मोठ्याचं पिल्लू.

मोठं झुरळ तुमच्या घरात राहत नाही, ते येऊन जातं. त्याचा मुक्काम चेंबरमध्ये, सांडपाण्याच्या पाइपांत, डक्टमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात. मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांबरोबर जगभर पसरलेलं. उष्ण आणि दमट हवा हेच त्याचं सुख, त्यामुळे खाडीकाठची आपली हवा त्याला बारा महिने मानवते. पावसाळ्यात अचानक ही झुरळं वाढल्यासारखी वाटतात, पण बऱ्याचदा ती फक्त वर आलेली असतात. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी उतरत नाही, चेंबर भरतात आणि आतली जनता पाइपाने तळमजल्यावर, पहिल्या मजल्यावर चढते. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी तुंबतं त्या रात्री आजूबाजूच्या जुन्या इमारतींत हेच घडत असणार.

त्याची पैदास संथ पण चिवट. मादीच्या एका कुपीत १४ ते १६ अंडी असतात. चवळीच्या दाण्याएवढी ती गडद कुपी मादी एक-दोन दिवस बाळगते आणि मग एखाद्या फटीत चिकटवून निघून जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, पिल्लाचं प्रौढ व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात ते दहा-बारा वेळा कात टाकतं. ती पांढरी फटक झुरळं दिसतात ती नुकती कात टाकलेली असतात, वेगळी जात नव्हे. नर नसला तरी मादीचं अडत नाही. बिनफळलेल्या अंड्यांतूनही पिल्लं होतात, सगळ्या माद्याच. २०१७ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की तीन किंवा जास्त माद्या एकत्र असल्या तर नराशिवाय कुपी घालण्याची सुरुवात आणखी लवकर होते. व्यवहारात महत्त्वाची गोष्ट ही, की फवारणीचं औषध त्या कुपीच्या आत पोचत नाही. आज चेंबर मारलं, मोठी मेली, आणि दीड-दोन महिन्यांनी नवी फौज तयार.

चप्पल घेऊन मागे लागण्यातही फारसा अर्थ नाही. शेपटाकडच्या दोन शिंगांसारख्या अवयवांवरचे केस हवेची हालचाल टिपतात. तुमचा हात खाली येण्याआधीच त्याला खबर लागलेली असते. १९९१ साली बर्कलेतल्या संशोधकांनी मोजलेला त्याचा वेग सेकंदाला दीड मीटर आहे, आणि त्या वेगात ते चक्क मागच्या दोन पायांवर पळतं.

छोट्याचं सगळंच उलट. ते बाहेरून ये-जा करत नाही, तुमच्याच किचन ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या बुडाखाली संसार थाटतं. घरात शिरतं ते किराण्याच्या खोक्यातून, सेकंडहँड फ्रिजमधून, सामान हलवताना. म्हणून घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा वीसावा मजलाही त्यातून सुटत नाही. मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिल्लं निघेपर्यंत अंगावरच वागवते, आणि अंड्यापासून प्रौढ व्हायला तीनेक महिने पुरतात. गणित करायचीही गरज नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारमध्ये आशियाई झुरळापासून वेगळी झाली, म्हणजे माणसाच्या घराशी तिची सोयरीक तेवढी जुनी आहे.

यावर जेलच. झुरळ जेल खाऊन आडोशाला जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मढं खातात आणि विष पुढे जातं. फवारणी करणाऱ्याला ट्रॉलीत अजिबात फिरकू देऊ नका: फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेलकडे जात नाहीत, आणि दोन्हीचे पैसे बुडतात. एकच जेल वर्षानुवर्षं लावणाऱ्यालाही प्रश्न विचारा. जेलमधल्या ग्लुकोजचाच वीट आलेली या जातीची झुरळं संशोधकांना सापडली आहेत. २०१३ साली दिसून आलं, की त्यांना ग्लुकोज कडू लागतं. औषधाला दाद न देणं तर जुनंच.

मोठ्यासाठी घरोघरी जेल म्हणजे दारात उभं राहून माश्या मारणं. आलेली चार मरतील, चेंबर भरलेलंच राहील. तिथे पैसा चेंबरवर, डक्टवर आणि प्लंबरवर खर्च करावा. नहाणी ट्रॅपवर बारीक जाळी, वॉशिंग मशीनचा पाइप जिथे गटारात सोडलाय तिथली मोकळी जागा बंद, सिंकखालचा सैल पाइप घट्ट. वापरात नसलेल्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि रस्ता खुला होतो, म्हणून तिथे आठवड्याला एक मग पाणी ओता. फुकटचा उपाय आहे, पण कोटेशनमध्ये नसतो.

मोठ्याच्या विरोधात आपला एक फुकटचा मित्रही आहे. बाथरूमच्या खिडकीवर काळी, निळसर डोळ्यांची, पोट झेंड्यासारखं वर-खाली हलवणारी गांधीलमाशी दिसते, ती एव्हानिया. ती मोठ्या झुरळाच्या कुपीत अंडं घालते आणि तिची अळी आतली अंडी फस्त करते. ती चावत नाही. तिला मारू नका.

दोन्ही झुरळं असली तर आधी किचन. दम्याच्या त्रासाला दोन्हींची विष्ठा आणि कात कारणीभूत ठरते, पण छोटं अन्नाजवळ राहतं आणि झपाट्याने वाढतं. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतीत बाथरूममध्ये मोठीच दिसत असतील तर सोसायटीने घरोघरच्या जेलला नाही म्हणावं आणि चेंबरचं काम घ्यावं, तेही पाऊस सुरू होण्यापूर्वी. कंत्राटात दोन गोष्टी लेखी असाव्यात: दीड-दोन महिन्यांनी दुसरी फेरी त्याच दरात, आणि फुटलेली चेंबरची झाकणं कोण बदलणार.