नवा टायर दोन किलोमीटरवर सरकला: सात महिन्यांनंतरचा अनुभव

मोटरसायकलचा मागचा टायर बदलून सात महिने झाले, ६,२०० किलोमीटर झाले. नेहमीचा स्पोर्ट-टूरिंग रेडियल आहे, म्हणजे वेगाला आणि लांबच्या प्रवासाला दोन्हीला चालणारा, मध्ये कडक रबर आणि कडेला मऊ. साइज वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसलोय ते एका वळणामुळे.

टायर बसवून दुकानातून निघालो तेव्हा सकाळ होती, हवेत गारवा, रस्ता कोरडा. दोन किलोमीटरवर रोजचंच उजवं वळण. जुन्या, गुळगुळीत झालेल्या टायरवर जेवढी गाडी कलवायचो त्यापेक्षा कमीच कलवली होती. वळणातून बाहेर पडताना थोडी रेस दिली आणि मागचं चाक वीतभर बाहेर गेलं. रेस सोडल्यावर त्याने रस्ता परत पकडला म्हणून वाचलो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असून उपयोग नव्हता, कारण ब्रेक दाबलेलाच नव्हता. रेस दिल्यावर चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल माझ्या गाडीला नाही.

बाजूला थांबून टायर बघितला. मधला पट्टा धुळीने मातकट झालेला, पण कडेचा दोन बोटं रुंद पट्टा काळाकुळकुळीत चमकत होता. बोट फिरवलं तर तेलकट लागलं. टायर छान दिसावा म्हणून दुकानात पॉलिश मारलं होतं आणि ते साइडवॉलवरून, म्हणजे टायरच्या बाजूवरून, नक्षीपर्यंत आलं होतं. परत गेलो. "सगळ्यांना मारतो, आजपर्यंत कोणाची तक्रार नाही," हे उत्तर मिळालं. एवढे पैसे मोजून घेतलेला टायर पहिल्या दहा मिनिटांत माणसाला पाडू शकतो आणि निघताना "वळणावर जपून" एवढंही कोणी सांगत नाही, याचा राग अजून गेलेला नाही. साइडवॉलवर काय चमकवायचं ते चमकवा, पण रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर त्याचा थेंबही नको. घरी आणून साबणाच्या पाण्याने दोनदा घासला.

तरी मनात होतं की मालच जुना असणार. साइडवॉलवरचा चार आकडी कोड पाहिला: ३२२४, म्हणजे २०२४ सालचा ३२वा आठवडा. माल ताजाच होता. मग कळलं की पॉलिश नसतं तरी नवा टायर निसरडाच असतो. साच्याचा आतला भाग इतका गुळगुळीत असतो की रबरावर तकाकी येते. ती घासून निघेपर्यंत रबर खडीच्या बारीक खाचांत नीट बसत नाही. म्हणून पहिले साधारण १६० किलोमीटर जपून चालवायला सांगतात.

माझी खरी चूक इथे झाली. मी ३०० किलोमीटर सरळ हायवेने काढले आणि टायर मुरला असं धरून चाललो. खाली वाकून बघितलं तर कडेवर नव्या टायरला असतात ते केसासारखे रबरी तंतू जसेच्या तसे! सरळ चालवून फक्त मधला भाग घासला जातो, कड कोरीच राहते, आणि वळणावर सगळा भार त्याच कोऱ्या कडेवर येतो. किलोमीटर मोजू नका, कड बघा. मी ओळखीच्या, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर दर वेळी थोडी जास्त कलवत गेलो. दोन बोटांचा चमकता पट्टा एका बोटावर यायला तीन आठवडे लागले.

त्यानंतर मात्र टायर आवडायला लागला. गाडी वळणात अलगद उतरते, ओल्या रस्त्यावरही विश्वास वाटतो. १,५०० किलोमीटरला कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

चौथ्या महिन्यात थंडी पडली. पारा ७ अंशांवर, घरातून निघून पहिलंच वळण, आणि मागचं चाक पुन्हा किंचित सरकलं. आता ना पॉलिश होतं, ना तकाकी. म्हणजे पहिल्या दिवशीचा सगळा दोष मी पॉलिशवर टाकला, तोही पूर्ण बरोबर नव्हता. त्या सकाळीही टायर थंड होता. थंड रबर कडक असतं, रस्ता कमी पकडतं. शिवाय हवा मोजली तर ३६ ऐवजी ३३ पीएसआय. थंडी पडण्याआधी भरलेली, त्यानंतर मी बघितलीच नव्हती. पारा दहा अंशांनी उतरला की दीड-दोन पीएसआय तसेच कमी होतात. आता दर रविवारी गाडी बाहेर काढण्याआधी, थंड टायरवरच मोजतो. टायर लवकर तापावा म्हणून हवा कमी ठेवा असा सल्ला काही जण देतात. तो रस्त्यावर अजिबात पाळू नका.

नागमोडी चालवूनही टायर फारसा तापत नाही. तो आतून, चाक फिरताना दबून-सुटून तापतो. सरळ रस्त्यावर हळूहळू रेस वाढवणं आणि बेताने ब्रेक लावणं जास्त कामाचं. पहिले आठ-दहा किलोमीटर मी वळणावर घाई करत नाही. अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहिली की पुन्हा तेच.

पुढचा टायर आता झिजेच्या खुणेपर्यंत आलाय, पुढच्या महिन्यात बदलणार. पुढचं चाक सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे या वेळी पॉलिश नको हे आधीच सांगणार, पैसे देण्याआधी कडेवर बोट फिरवून बघणार, आणि काम सकाळी न करता दुपारी करून घेणार.